वाढत्या अंगाचं

दोन्ही बाह्या डाव्याच.

रात्रीचे पावणेबारा वाजलेले. घरात पंखा आणि बाहेर पाऊस, एवढेच जागे. मी हॉलच्या फरशीवर मांडी घालून पोलक्याच्या उजव्या खांद्याला बाही टाचत होते आणि बाही बसायलाच तयार नव्हती. पुढे चोळामोळा, मागे ताण. फिरवून बघितली. पुन्हा तेच. मग दोन्ही बाह्या फरशीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि कळलं. जुळी भावंडंच, एका बाजूची दोन. आणि खण संपलेला.

झालं असं की मंगळवारी संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला. यंदा एकादशी रविवारी, ६ जुलैला, म्हणून शाळेची दिंडी शनिवारी. मुलांनी सदरा, धोतर, टोपी. मुलींनी नऊवारी किंवा परकर-पोलकं. आमची थोरली पहिलीत. गेल्या वर्षी तिला तयार शिवलेली नऊवारी भाड्याने आणली होती. तिचा जरीकाठ कमरेला टोचला आणि बाईसाहेबांनी ऐन पालखीपुढे भोकाड पसरलं. ते लक्षात ठेवून यंदा तिने आधीच जाहीर केलं, "टोचणारं नको. तू शिव."

"तू शिव" ऐकायला फार बरं वाटतं. बुधवारपर्यंत तरी.

कापड आणायला ठाण्याच्या जांभळी नाक्याला जायची वेळच आली नाही. ज्या घरात दोन डोहाळजेवणं आणि दोन बारशी झाली त्या घरात ब्लाउजपीसला तोटा नसतो. आमच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक अख्खी पिशवी आहे. ओटीचे, हळदीकुंकवाचे, कुणाच्या वास्तुशांतीचे. त्यातले निम्मे मी पुढे दुसऱ्यांच्या ओटीत घातलेत. एक पोपटी तर दोन वर्षांनी फिरून माझ्याकडेच आला. खात्रीने सांगते, कारण त्याच्या कोपऱ्यावर थोरलीने पेनाने काढलेला टिंब होता. तो मी परत पिशवीत ठेवला. त्याचा प्रवास मी का थांबवू?

पण तळाशी एक जांभळा खण होता, सासूबाईंच्या बहिणीने कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून आणलेला, लाल काठाचा. तो मात्र कुणाला द्यायचा धीर झाला नव्हता. पोलक्याला तो काढला. आणि परकरासाठी आईची जुनी इरकल. मधल्या घडीवर विरली होती, धरून ओढली तर टरकली असती, पण काठाकडचा भाग अजून धडधाकट. परकराला काठ खाली घेतला की घेराची कड दुमडत बसावी लागत नाही. आईचं जुनं गणित आहे ते: लुगडं जुनं झालं की आधी परकर, परकर गेला की उशीचा अभ्रा, अभ्रा गेला की गोधडीच्या पोटात. आमच्या घरी कापड मरत नसे, बढती घेत असे. किंवा उतरती, कुठून बघाल तसं.

मशीनही आईचीच. पायाची, काळी, उषा. सोनेरी अक्षरांपैकी "षा" तेवढा स्पष्ट उरलाय. आईने ती १९८७ साली घेतली, शिवणक्लास पुरा झाल्यावर. त्या क्लासची वही माझ्याकडे आहे: प्रत्येक पानावर वीतभर कागदी झबलं, टोपरं, पेटीकोट, बाबासूट चिकटवलेले आणि खाली मापं. थोरली रांगत होती तेव्हा ही मशीन टेम्पोत घालून डोंबिवलीहून शिळफाट्यावरून आमच्या वर्तकनगरच्या घरी आली. वन बीएचकेत तिला जागा कुठे, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. सध्या ती खिडकीखाली असते. दिवसा तिच्यावर फ्लॉवरपॉट, गृहपाठाच्या वह्या आणि न घडी केलेले कपडे. माझा शिवणाचा निम्मा वेळ मशीन मोकळी करण्यातच जातो.

उरलेला निम्मा तुकड्यातुकड्यांनी मिळतो. सलग तास मला सहा वर्षांत मिळालेला नाही. कुकरच्या तीन शिट्ट्यांत नाडीची पट्टी होते. धाकटा आंघोळीच्या टबात खेळत असला तर दाराशी बसून हाताने हूक लावून होतात. चुण्या घालायला मात्र दोघं झोपलेलेच लागतात. मध्येच दोरा ओढायचा राहिला की सगळा घेर एका बाजूला पळतो.

धाकटा अडीच वर्षांचा आहे. मशीन म्हणजे त्याची लोकल. तो खाली बसून पायपट्टी दोन्ही हातांनी हलवतो, "पुढील स्टेशन कळवा" म्हणतो, आणि वर चाक गरगरतं, सुई खालीवर होते. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तेव्हापासून शिवून उठताना चाकावरचा चामडी पट्टा उतरवून ठेवते. मग त्याने खाली कितीही लोकल चालवली तरी सुई हलत नाही. ज्यांच्या घरी पायाची मशीन आणि लहान मूल, दोन्ही आहेत त्यांनी एवढं कराच. चाकाच्या खोबणीतला पट्टा एका बोटाने निघतो, परत चढवायला दहा सेकंद.

टाचण्या मी मोजून वीस ठेवते, पेढ्याच्या पत्र्याच्या डबीत. उठताना वीस भरल्या तरच डबी बंद. एका रात्री एकोणीसच भरल्या. नवरा मोबाईलचा टॉर्च लावून आणि मी लोहचुंबक घेऊन दोघंही रांगत होतो. सोफा हलवला, पायपुसणं झटकलं. एक वाजता ती माझ्याच गाऊनच्या गळ्याला सापडली. नवरा काही बोलला नाही. फक्त बघितलं.

तर बाह्या. बाहीला पुढची बाजू आणि मागची बाजू असते. मुंढ्याकडे, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तिथे, पुढच्या बाजूची खोली जास्त, मागची कमी, कारण हात पुढे जातो. कापड दुहेरी, सुलट आतल्या बाजूला करून एकदम दोन्ही बाह्या कापल्या की आपोआप एक डावी, एक उजवी निघते. पण खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, लहान. पुढचा भाग, मागचे दोन भाग आणि गळ्याची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी काढल्यावर दुहेरी करण्याइतकं कापड उरलं नव्हतं. म्हणून मी कागदाची बाही ठेवून एकेक कापली, आणि दुसऱ्या वेळी कागद उलटा करायला विसरले. साधी पॉपलीन असती तर उलट बाजू वर घेऊन खपवली असती. खणाची उलट बाजू लांबूनही ओळखू येते.

आईला फोटो पाठवला आणि झोपले. पहाटे साडेपाचला फोन. ती उत्तर लिहीत नाही, फोनच करते.

"दोन्ही सुलट ठेवून कापल्यास."

"कळलं गं मला ते."

"मी पण केलंय. तुझ्या मामीच्या लग्नातल्या ब्लाउजला." हे मला पस्तीस वर्षांत आज कळलं. "तो खण राहू दे. लुगड्याचा काठ उरलाय ना? त्याच्या बाह्या कर. परकराला तोच, बाहीला तोच. मुद्दाम केल्यासारखं दिसेल."

मग चहाचा घोट घेतल्याचा आवाज आणि पुढचा प्रश्न. "आणि माया सोडलीस ना?"

आमच्याकडे मार्जिन म्हणत नाहीत, माया म्हणतात. शिवणीच्या आत जास्तीचं सोडलेलं कापड. थोरलीची छाती तेवीस इंच. त्याचा चौथा भाग पावणेसहा, वर इंचभर सैलपणा, आणि त्याच्याबाहेर माया. मी अर्धा इंच सोडली होती. आईला ते कंजूषपणाचं वाटलं. "वाढत्या अंगाची पोर आहे. एक इंच तरी हवी." कापड नव्हतं म्हटलं तर म्हणाली, "बाहीचा खण वाचलाय आता. बगलेखाली जोड दे."

म्हणजे फुकट गेलेल्या बाह्या बगलेखालच्या पट्ट्या झाल्या. प्रत्येक बाजूला दीड इंच. तेही मुद्दाम केल्यासारखं दिसतं का? नाही. ते जोड दिल्यासारखंच दिसतं. पण हात खाली असला की कुणाला दिसत नाही.

माया हे काय प्रकरण आहे ते मला खरं या मे महिन्यात कळलं. आईने जपून ठेवलेला माझा एक फ्रॉक थोरलीला लहान करून द्यायचा होता. १९९६ चा, मी पहिलीत असतानाचा. बारीक फुलांचं सुती कापड, फुग्याची बाही, छातीवर स्मॉकिंग, खाली झालर. रंग म्हणाल तर फिका आकाशी, माझ्या आठवणीतही तसाच. गॅलरीत उजेडाला बसले आणि बाजूची शिवण उसवायला घेतली. पाते दोऱ्याखाली सरकवून प्रत्येक चौथा टाका तोडायचा आणि मग मागून दोरा ओढायचा, तो सरसर निघतो. शिवण उघडली आणि आतून वेगळाच फ्रॉक निघाला. मोरपंखी. गडद, चकचकीत, फुलांच्या पाकळ्यांवरच्या पिवळ्या रेघासुद्धा शाबूत. एकोणतीस वर्षं त्या पट्टीला ऊन लागलं नव्हतं. मला माझा फ्रॉक मोरपंखी होता हे माहीतच नव्हतं.

त्या शिवणीजवळ सुईच्या भोकांच्या ओळी होत्या. एक मी पहिलीत असतानाची, मूळ. तिच्या बाहेर अर्ध्या इंचावर दुसरी, म्हणजे आईने एकदा फ्रॉक मोठा केला होता. बहुधा मी दुसरीत गेल्यावर. दोन्ही ओळींतली भोकं सारखी, रुळासारखी सरळ, आईच्या मशीनची. पण या दोन्हींच्याही आत, पार अंगाजवळ, एक तिसरी ओळ होती, वाकडीतिकडी, मोठ्या टाक्यांची. म्हणजे कुणीतरी फ्रॉक लहान केला होता, आणि हाताने.

आईला विचारलं. तिने चष्मा लावून बघितलं, बोट फिरवलं. "ही टीप माझी नाही."

मग आठवलं. माझ्यानंतर तो फ्रॉक मामेबहिणीकडे गेला होता. ती काडी. मामीकडे मशीन नव्हती, तिने धावदोऱ्याने आत घेतला. आणि नंतर फ्रॉक धुऊन, इस्त्री करून आईला परत दिला, त्याआधी तो धावदोरा काढून. पण भोकं राहिली.

आज दुकानात तयार फ्रॉक उलटा करून बघा. शिवणीच्या आत जेमतेम पाव इंच, इंटरलॉकने कडा कापून घट्ट केलेली. उसवलं तर हातात काहीच येत नाही. मूल वाढलं की फ्रॉक संपला. कारखान्याचा दोष नाही त्यात, त्यांना पुढचा फ्रॉक विकायचाय. स्वस्त पडतं म्हणून घरी शिवते असं मी नवऱ्याला सांगते. हिशेब त्याने अजून मागितलेला नाही. मागू नये.

त्या फ्रॉकला मी फार काही केलं नाही शेवटी. बाजूची शिवण मूळ ओळीवर परत मारली, आणि थोरलीला तो तसाच बसला. मी पहिलीत होते तेवढीच ती आहे.

परकरालाही वाढ ठेवली. कमरेच्या खाली आतून दोन इंचांची आडवी दुमड घालून लांब टाक्यांची टीप मारली. पुढच्या वर्षी ती टीप ओढायची, परकर चार इंच लांब. कमरेला नाडी, इलॅस्टिक नाही, कारण इलॅस्टिक टोचत नसलं तरी "चावतं", असं मला सांगण्यात आलं आहे. धाकट्याला जुन्या पांढऱ्या चादरीचा सदरा, गुंडीशिवाय. गुंडी दिसली की तो तोंडात घालतो.

एक चूक मात्र राहिलीच. इरकल शंभरदा धुतलेली, तिचा प्रश्न नव्हता. खण पाण्यातून काढायला वेळ मिळाला नाही. कोरं कापड आधी रात्रभर भिजवायचं, सुकवायचं, मग कापायचं, हे मी दुसऱ्यांना सांगत असते. शनिवारी सकाळी आठला ठाण्यात जो पाऊस सुरू झाला तो दिंडी मैदानातून शाळेच्या पॅसेजमध्ये येईपर्यंत थांबला नाही. पुठ्ठ्याच्या तुळशीवृंदावनाचा लगदा झाला, कुणाच्या तरी मिशा गळ्यावर उतरल्या, आणि थोरलीच्या पांढऱ्या पेटीकोटवर बगलेपासून कमरेपर्यंत जांभळे ओघळ आले. तिला त्याचं काही नव्हतं. ती "ज्ञानोबा-तुकाराम" म्हणत टाळ बडवत होती.

आम्ही पालक बाजूला उभे. रांग आमच्यासमोर थांबली तेव्हा तिच्या मैत्रिणीने काहीतरी विचारलं. तिने टाळ काखेत धरले, पोलक्याची एक बाजू वर उचलली, उलटी केली आणि आतली शिवण तिला दाखवली. मग पुढच्या मुलीला. मग वर्गाच्या बाईंना.

"हे बघा बाई, अजून आतमध्ये पण आहे."

बाईंनी वाकून बघितलं. बगलेखालचा जोड, सुटलेले धागे, ओघळलेला जांभळा रंग, सगळं. मी छत्री थोडी पुढे घेतली.