आमिषाचा हिशेब

"बाई, तुम्हाला भीती नाही का वाटत? आणि वाटत असेल तर ही प्रार्थना-बिर्थना घरात गुपचूप का नाही करत? दार उघडं टाकून, पेटी वाजवून कशाला?" शाळेतल्या जुन्या मैत्रिणी हे विचारतात, पुण्याची भाची दर फोनला विचारते. सगळ्या माझ्या भल्याचंच बघणाऱ्या. आम्ही ख्रिस्ती, म्हणून ही काळजी. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

भीती वाटते. 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना गाडीत जाळलं, तेव्हा ती बातमी लांबची होती. 2008 ला तिथेच कंधमालमध्ये ख्रिस्ती वस्त्यांवर हल्ले झाले, तेही लांबचेच. आता लांब काही राहिलं नाही. मोबाइलवर व्हिडिओ येतात. प्रार्थनेच्या खोलीत माणसं घुसलेली, पाळकसाहेब हात जोडून उभे, मागून कुणीतरी 'आमिष दाखवून धर्मांतर' म्हणून ओरडतंय. खोली आमच्या पडवीसारखीच, भिंतीवरचं वचनांचं कॅलेंडरसुद्धा तसंच.

आधी त्या आमिषाचंच बोलू, कारण तो आरोप मला हात झटकून उडवून लावता येत नाही. आमचं घर नगर जिल्ह्यातलं (कागदावर आता अहिल्यानगर, जिभेला वेळ लागतोय). अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं मांडलं ते 1831 साली. आमच्या घरात प्रभू आला तो मात्र 1900 च्या दुष्काळात. पणजी तेव्हा सात-आठ वर्षांची असेल, मिशनच्या अनाथाश्रमात आली. नगरच्या मिशनचे रॉबर्ट ह्यूमसाहेब त्या वेळी दुष्काळाचं काम बघत. सरकारने त्याबद्दल त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. पणजीला पदकाचं काय, तिला पेज मिळाली. "आधी पेज मिळाली, मग प्रभू मिळाला," असं ती म्हणायची, हे आजीकडून ऐकलेलं. गाव आम्हाला 'पोटासाठी बाटलेले' म्हणायचं. म्हणू देत. उपाशी पोरगी पोटासाठी नाही तर कशासाठी उंबरा ओलांडणार? आणि जे म्हणत होते, त्यांच्या विहिरीवर तिला पाणीसुद्धा भरता येत नव्हतं.

पंडिता रमाबाई 1897 च्या सुमाराला दुष्काळी मध्य प्रांतात जाऊन पोरी घेऊन आल्या. स्वतःचे आईवडील त्यांनी उपासमारीत जाताना पाहिले होते. केडगावचं मुक्तिसदन वाढलं ते अशाच पोरींमुळे. त्या पोरींनी बाप्तिस्मा कृतज्ञतेने घेतला, दुसरा आसरा नव्हता म्हणून घेतला की खरोखर विश्वासाने, यावर वाद घालता येतो. घालावाच. मला त्यात एवढंच विचारायचं असतं की दुष्काळ हटला तशी पेज संपली. मग पुढच्या पिढ्या कशासाठी थांबल्या?

कारण पुढचा हिशेब उलटा आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी ठरली, आणि त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू सोडून बाकी जवळजवळ सगळे बाहेर राहिले. 1956 ला शीख आत आले, 1990 ला बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच. आमच्या एकाच महारवाड्यातली दोन घरं, एक पुढे बौद्ध झालं, एक ख्रिस्ती. शिवाशिव दोघांनी सारखीच सोसली, पण जातीचा दाखला वेगळा. महाराष्ट्रात आमची गणती इतर मागासवर्गात होते. अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर आम्हाला उभं राहता येत नाही. ॲट्रॉसिटीचा कायदाही आमच्यासाठी नाही. म्हणून कितीतरी जण कागदावर हिंदू राहतात आणि रविवारी उपासनेला येतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, पोरांच्या फीचा प्रश्न असतो. माझ्या वडलांनी मात्र दाखल्यावर खरं तेच लिहिलं आणि त्याचे पैसे माझ्या भावाने नोकरीच्या रांगेत भरले. आमिष म्हणतात ते हे.

आता दाराचं. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या पडवीत प्रार्थना असते. पंधरा-वीस माणसं, बहुतेक बायका, पेटी, टाळ, कुणी आलं तर ढोलकी. नारायण वामन टिळकांनी अभंग-कीर्तनाची रीत आमच्यात रुजवली त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला भजनच चाललंय असं वाटतं, आणि भजनच असतं. गेल्या पावसाळ्यात असंच चालू असताना तीन पोरं मोबाइल वर धरूनच आत आली. त्यातला एक माझा विद्यार्थी, सातवीला होता माझ्याकडे.

"बाई, इथे पैसे वाटतात असं कळलं."

नेमकी तेव्हा दानाची पिशवी फिरत होती. मी ती त्याच्या हातात दिली. म्हटलं, "बघ किती वाटलेत." त्याने खरंच आत डोकावून पाहिलं. दहा-दहाच्या नोटा, चिल्लर, आणि एका म्हातारीने रुमालाच्या गाठीत बांधून टाकलेलं पाचाचं नाणं. कोपऱ्यात एक लाल भोपळा आणि गवारीचा वाटा ठेवलेला होता. हे काय, म्हणून दुसऱ्याने विचारलं. ज्याच्याकडे पैसे नसतात तो शेतातलं आणतो, उपासना संपली की त्याचा लिलाव होतो, पैसे पिशवीत जातात. तेवढ्यात लिलाव सुरू झालाच. बोली वीसवर अडकली तसा तिसरा पोरगा पटकन "पंचवीस!" म्हणून मोकळा. जावेने तीस म्हणून भोपळा नेला. सगळे हसले, पोरंही हसली, मोबाइल खिशात गेले.

एवढ्यावर सगळं गोड झालं असं समजू नका. निघताना माझा विद्यार्थी हळूच म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी दार लावून घेत जा." धमकी होती की काळजी, अजून उलगडलेलं नाही.

भाची तर याच्याही पुढे जाते. ती शास्त्रातला आधार देते. "मावशी, येशूनेच सांगितलंय, प्रार्थना करताना खोलीत जा, दार लावून घे. मत्तय, सहावा अध्याय." बरोबर आहे. पण त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, एकच अध्याय आधी, दिवा लावून मापाखाली ठेवत नाहीत, असंही तोच सांगतो. दोन्ही एका दमात कसं जमवायचं यावर आमच्या मंडळीत भांडणं झाली आहेत. माझ्यापुरतं मी असं लावून घेतलंय की दार लावायला त्याने सांगितलं ते चौकात उभं राहून देखावा करणाऱ्यांना. भ्यालेल्यांना त्याने 'भिऊ नका' म्हटलंय, 'कडी लावा' नाही. आणि शिवाय, बंद दाराआड काय चाललंय या कल्पनेवरच तर ते व्हिडिओ पोसले जातात.

पण त्या पाचव्या अध्यायाचं दुसरं टोकही मी पाळते. लोकांनी पाहावं म्हणून तिथे सांगितलंय ते काम, तोंड नव्हे. म्हणून माझा नियम आहे: मदत करताना प्रार्थना नाही आणि प्रार्थनेत मदत नाही. 2021 च्या एप्रिलात कोरोनाने आळीतली घरंच्या घरं आडवी झाली होती. आम्ही तिघीचौघी ओट्यांवर डबे ठेवून यायचो. डब्यात भाजी-भाकरी, वचनाची चिठ्ठी नाही. एका काकांनी खिडकीतूनच हाक मारली, "बाई, तुमच्या देवालाही सांगा जरा." सांगितलं की! त्यांनी मागितलं म्हणून सांगितलं, तिथेच, मास्क लावून. आमच्यातल्या काहींना हा नियम पटत नाही. प्रभूचं नाव घ्यायची लाज वाटते का, असं मला तोंडावर विचारलंय. लाज नाही वाटत. पण तापाने फणफणलेल्या माणसाला 'नको' म्हणायची सोय नसते, आणि ज्याला नको म्हणता येत नाही त्याच्या होकाराचं मी काय करू?

आमच्याच जिल्ह्यात हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलेली माणसं होऊन गेली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघं ख्रिस्ती, 1970 ला जामखेडला आले. पाठोपाठ 1972 चा दुष्काळ. गावोगाव हातपंप बसवायचे ठरले तेव्हा त्यांनी कितीतरी ठिकाणी बोअर दलित वस्तीत घ्यायला लावले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या विहिरीला शिवू दिलं नाही, त्यांच्या बाया कळशी घेऊन त्या वस्तीत पाण्याला आल्या. पुढे गावच्या आरोग्यसेविका म्हणून त्यांनी ज्या बाया तयार केल्या, त्यातल्या किती तरी अक्षरशत्रू आणि दलित होत्या. त्या इतर जातींच्या घरात बाळंतपणं करू लागल्या. 1979 ला दोघांना मॅगसेसे मिळालं. माझ्या पणजीला विहिरीवरून हाकललं होतं त्याला दिलेलं इतकं चोख उत्तर मला कुठल्याही उपदेशात सापडलेलं नाही.

आमच्या आतलंही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं फार सोज्वळ वाटेल. चर्चमध्ये आलो म्हणून जात गेली असं झालेलं नाही. सोयरिकी अजून 'आपल्यातल्या'च बघतात, महार-मांग हा भेद काही मंडळ्यांत बाकांपर्यंत पोचलेला मी पाहिलाय. बाहेरून त्रास वाढला की आत सगळे एक होतात, हेही खरं नाही. एक गट म्हणतो गप्प राहू, दुसरा म्हणतो मोर्चा काढू, आणि नाताळच्या कॅरलची परवानगी मागायला पोलीस चौकीत जायचं कुणी, यावरून मागच्या डिसेंबरात दोघांचं वाजलं. शेवटी मी आणि जाऊ गेलो.

तर भाचीला आणि तुम्हा सगळ्यांना सांगायचं, आम्ही अगदीच बावळटासारखं दार उघडं टाकलेलं नाही. शुक्रवारी जमलेल्या पैशांची वही असते आणि ती कुणीही मागितली तर दाखवायची असं ठरलंय. नवीन माणूस आला की कुणाबरोबर आला ते विचारतो, लहान मूल एकटं आलं तर घरी पोचवतो. संविधानाच्या 25 व्या, म्हणजे धर्मस्वातंत्र्याच्या कलमाची झेरॉक्स वहीतच आहे. तालुक्याच्या वकीलताईंचा नंबर पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय, कारण पेटी कुठे असते हे अंधारातही सगळ्यांना माहीत असतं.