पाहुणा शिक्षक गेल्यावर टँगोच्या गटात काय उरतं

बाहेरून आलेला टँगोचा शिक्षक दोन-तीन दिवस राहतो, पाच-सहा वर्ग घेतो आणि निघून जातो. त्यानंतर काही गटांचं नाचणंच बदलतं, काहींकडे मोबाइलमधले व्हिडिओ तेवढे उरतात. सगळं शिक्षकाच्या प्रतिभेवर असतं असा समज आहे. प्रतिभा हवीच, पण त्याला बोलावण्याआधी आणि तो गेल्यावर गट काय करतो, यावर निम्म्याहून जास्त अवलंबून असतं.

अर्जेंटिनातलं ब्यूनोस आयर्स आणि उरुग्वेमधलं मोंतेविदेओ यांच्या बाहेर आजचा टँगो पोहोचला तो मुख्यतः फिरत्या शिक्षकांमुळेच. १९८३ मध्ये पॅरिसला आणि १९८५ मध्ये ब्रॉडवेवर ‘तांगो आर्खेंतिनो’ हा टँगोचा रंगमंचीय कार्यक्रम झाला, त्यानंतर जगभर लोकांना हा नाच शिकायचा होता. १९९०च्या दशकात गुस्तावो नावेइरा आणि फाबियान सालास या शिक्षकांनी हालचालींची पद्धतशीर उकल केली. त्याच सुमारास सुसाना मिलेर गर्दीत, अगदी जवळच्या एम्ब्रेसमध्ये (जोडीदाराला धरायच्या मिठीत) नाचायची शैली शिकवत होत्या. कोणत्या प्रवाहाचा शिक्षक आधी आला, यावर नव्या गटाचं वळण बरंचसं ठरतं. म्हणून आपल्याकडे काय कमी आहे ते पाहून शिक्षक निवडावा, नाव किती मोठं आहे ते पाहून नाही. त्याचे स्टेजवरचे व्हिडिओ बाजूला ठेवून गर्दीच्या मिलोंगामधले, म्हणजे लोक जमून टँगो नाचतात त्या मैफलीतले, शोधा. स्टेजवर एका जोडीला सगळी फरशी मोकळी असते. मिलोंगात पुढची जोडी हाताच्या अंतरावर असते, आणि आपल्या लोकांना नाचायचंय ते तिथे.

चांगला शिक्षक विषय सांगण्याआधी उलट प्रश्न विचारतो: लोक किती वर्षं नाचताहेत, हॉल केवढा आहे, लीडर (चाल ठरवणारे) कमी आहेत की फॉलोअर (त्यांच्या चालीला साथ देणारे)? हे प्रश्न आलेच नाहीत तर तयार अभ्यासक्रम येणार हे समजून घ्यावं.

वेळापत्रकात हाव नको. ९० मिनिटांचे दोन वर्ग दिवसाला पुरे, तिसरा घेतलाच तर तो संगीतावर, बसून ऐकायचा. दोन वर्गांमध्ये अर्धा तास मोकळा ठेवा. शिकवणारी एक जोडी असेल तर बारा ते चौदा जोड्यांच्या पुढे जाऊ नये, त्यापलीकडे शिक्षकाला प्रत्येकाच्या एम्ब्रेसमध्ये उभं राहून पाहता येत नाही. आणि टँगो हातात हात घेतल्याशिवाय दुरुस्त होत नाही. दर दोन गाण्यांनी जोडीदार बदलावेत. नाहीतर जोडीनं आलेले लोक एकमेकांच्या चुका सांभाळून घेतात आणि दोघांनाही वाटतं की जमलं.

स्थानिक शिक्षकांनी वर्गात विद्यार्थी म्हणून उभं राहायलाच हवं. ते बाहेर राहिले तर पुढच्या आठवड्यात त्यांच्या वर्गात वेगळंच सांगितलं जातं आणि विद्यार्थी गोंधळतात. खासगी तासही आधी त्यांना द्यावेत. नवशिक्यांचा प्रास्ताविक वर्ग त्यांच्याकडेच ठेवावा, मानधन देऊन. कार्यशाळेसाठी पैसे वाचवायचे म्हणून लोक महिनाभर नेहमीचा वर्ग बुडवतात, त्याचा फटका यांनाच बसतो.

आता प्रत्यक्ष वर्ग. खरा शिक्षक ओळखावा चालण्यावरून. तो वाद्यवृंदप्रमुख कार्लोस दि सार्ली यांच्या १९५०च्या दशकातल्या वाद्यसंगीतावर सगळ्यांना एकेकटं चालायला लावतो. आधी प्रत्येक ठळक ठोक्याला एक पाऊल, मग दोन ठोक्यांना एक. वेग निम्मा झाला की लपलेले दोष बाहेर येतात. लीडरचा पाय छातीच्या आधी निघतो, म्हणून गुडघ्यावर गुडघा आदळतो. फॉलोअर पायावर पाय पडेल या भीतीनं मागचं पाऊल टेकताच त्यावर वजन टाकून मोकळी होते, म्हणून ती लीडरच्या पुढे धावते. दुरुस्ती अशी: मागचा पाय कमरेतून लांबवायचा, अंगठा जमिनीला लावायचा, वजन अजून पुढच्या पायावरच ठेवायचं आणि लीडरची छाती जशी पुढे येईल तसं ते मागे न्यायचं. टाच शेवटी. एवढ्यावर पाऊण तास घालवणाऱ्या शिक्षकाविषयी कुरकुर होते, पण वर्षभरानंतर जोडीत दिसतं ते हेच.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे खिरो, लीडरभोवतीचं वळण. फॉलोअरची पावलं पुढे, बाजूला, मागे, बाजूला अशी पडतात. बिघडतं ते मागच्या पावलाला. कंबर पुरेशी फिरलेली नसते, पाऊल वर्तुळाबाहेर जातं, अंतर वाढतं, लीडर उजव्या हातानं ओढतो आणि दोघांचाही तोल जातो. मग ‘लीड नीट येत नाही’ आणि ‘ती जड आहे’ असे आरोप सुरू होतात. यावर भिंतीचा सराव फार उपयोगी आहे. दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला हलके टेकवायचे, छाती भिंतीकडे ठेवायची आणि मागचे ओचो (कंबर फिरवत मागे टाकायची, इंग्रजी आठाच्या आकाराची पावलं) करत भिंतीच्या कडेनं सरकायचं. तळव्यांवर दाब आला की समजायचं, वजन पायावर स्थिर होण्याआधीच कंबर फिरवली. रोज दहा मिनिटं, जोडीदाराशिवाय.

रात्रीच्या मिलोंगातलं शिकवणं वर्गातल्याहून मोलाचं असतं. रोंदात (फरशीभोवती फिरणाऱ्या जोड्यांच्या रांगेत) शिरण्याआधी येणाऱ्या लीडरशी नजर मिळवणं, आपल्या रांगेत राहणं, पुढच्याला न ओलांडणं, कोर्तिना (गाण्यांच्या दोन संचांमधला छोटा तुकडा) वाजली की फरशी मोकळी करणं, काबेसेओनं (नजरेनं आणि मानेच्या इशाऱ्यानं) विचारणं आणि नकार सहज घेणं: लोक हे डोळ्यांनी उचलतात. म्हणून पाहुण्याला आयोजकांच्या टेबलाशी बांधून ठेवू नका. प्रात्यक्षिक एक-दोन गाण्यांचं असू दे, बाकी रात्र त्यानं सगळ्यांमध्ये नाचावं, नवशिक्यांबरोबरही. पाहुण्याबरोबर नाचलेला एक टांडा, म्हणजे तीन-चार गाण्यांचा संच, नवशिक्याला पुढचं वर्षभर पुरतो.

डीजेलाही शिकवणी हवी. एका टांड्यात एकच वाद्यवृंद, एकच काळ, शक्यतो एकच गायक, चार टँगो किंवा तीन वाल्स वा मिलोंगा (इथे मिलोंगा म्हणजे जलद लयीचा नाचाचा प्रकार). रोबेर्तो रुफिनो गात असतानाचा दि सार्ली आणि त्याचंच १९५०च्या दशकातलं वाद्यसंगीत एका टांड्यात घातलं तर जोडीची चाल मध्येच तुटते. वाद्यवृंदप्रमुख हुआन दारिएन्सोचा १९३५ नंतरचा, रोदोल्फो बियाजीच्या पियानोचा काळ तर थकलेल्या हॉललाही उभं करतो, तो कधी वाजवायचा हे पाहुण्याकडून शिकून घ्यावं.

मग येतात नंतरचे सहा आठवडे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रॅक्टिका (एकत्र सरावाची बैठक) हवीच, आठवडा उलटला की शरीर जुन्या सवयीकडे वळतं. प्रत्येक वर्गाच्या शेवटी शिक्षकाची परवानगी घेऊन दोन मिनिटांचा सारांश टिपून ठेवावा आणि दर आठवड्याला त्यातला एकच मुद्दा घ्यावा. एका आठवड्याला खुर्च्या मांडून फरशी निम्मी करा आणि पूर्ण टांडा कुणीही कुणाला न ओलांडता नाचा. वर्गातली पावलांची लांबलचक साखळी आपोआप गळून पडते आणि उपयोगाचे तुकडे हाती राहतात.

याच काळात दोन दुखणी डोकं वर काढतात. कार्यशाळा केलेले लोक मिलोंगाच्या फरशीवर इतरांना दुरुस्त करू लागतात. हे पहिल्या दिवशीच बंद करा, शिकवणं प्रॅक्टिकात. आणि हेच लोक आपापसातच नाचू लागतात. त्यावर आयोजकांनी स्वतः रोज दोन-तीन टांडे नव्या चेहऱ्यांबरोबर नाचून दाखवणं यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

महिन्याभरात दुसऱ्या शैलीचा शिक्षक आणणं मात्र नक्की टाळा. एक म्हणतो छाती पुढे झुकवून वजन वाटून घ्या, दुसरा म्हणतो प्रत्येकानं आपल्या अक्षावर उभं राहा. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत, अर्धवट मिसळल्या की कंबर दुखते. चार-सहा महिने जाऊ द्या आणि शक्यतो त्याच शिक्षकाला पुन्हा बोलवा.

त्या दुसऱ्या भेटीआधी त्याला तुमच्या मिलोंगाचा तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ पाठवा, एखाद्या चांगल्या जोडीचा नव्हे तर उंचावरून घेतलेला, सगळी फरशी दिसेल असा. जोड्यांमधलं अंतर, कोपऱ्यात होणारी कोंडी, कोण अजून पाय पाहत चालतंय हे त्याला त्यात दिसेल, आणि वर्गांचे विषय त्यावरूनच ठरवायला सांगा.