परतीची तार कुठून गेली?

तारेतून वीज वाहिली की शेजारच्या होकायंत्राची सुई हलते, हे शाळेत सगळेच शिकतात. 1820 मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडने ते दाखवून दिलं. पण घरी करून बघताना सुई नुसती थरथरते आणि दोष सेलला दिला जातो. बऱ्याचदा चूक परतीच्या तारेची, म्हणजे बल्बकडून बॅटरीच्या मायनसकडे परत येणाऱ्या तारेची असते.

सामान पुण्याच्या तापकीर गल्लीत आणि एखाद्या ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळून जातं. दीड चौरस मिलिमीटरची तीन मीटर वायर, दुचाकीची 12 व्होल्टची बॅटरी, 10 अँपिअरचा फ्यूज आणि 12 व्होल्ट, 55 वॅटचा हॅलोजन बल्ब. दुकानदार एलईडी पुढे करेल, तो घेऊ नका. इथे बल्ब उजेडासाठी नाही, प्रवाह साडेचार अँपिअरच्या आसपास धरून ठेवण्यासाठी आहे. फ्यूज बॅटरीच्या प्लसपाशीच लावा. बल्ब फार तापतो, काचेला हात लावू नका.

टेबल लाकडी हवं. लोखंडी पाय, कात्री, मोबाइल सगळं दूर ठेवा. मोबाइलच्या स्पीकरमधलं चुंबकसुद्धा सुई ओढतं. सुई स्थिर झाली की तार तिच्या बरोबर वर, दक्षिणोत्तर ताणा. पूर्व-पश्चिम ताणलीत तर तारेचं चुंबकीय क्षेत्र सुईच्याच रेषेत येतं आणि सुई वळत नाही. निम्मे प्रयोग इथेच फसतात.

पुण्यात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक साधारण 38 मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) आहे. साडेचार अँपिअरची सरळ तार 2.4 सेंटीमीटरवर जवळपास तेवढंच क्षेत्र देते. म्हणून त्या उंचीवर सुई 45 अंशांच्या आसपास थांबायला हवी, 5 सेंटीमीटरवर 25 अंशांच्या. प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे असेल तर सुईचं उत्तर टोक पश्चिमेला झुकतं. तार निदान 60 सेंटीमीटर सरळ ठेवा. फक्त 10 सेंटीमीटर सरळ ठेवली तर क्षेत्र दहा टक्क्यांनी कमी भरतं.

आता परतीची तार. आतापर्यंत ती होकायंत्रापासून अर्धा मीटर लांबून फिरवून आणलेली असू द्या. मग ती उचलून जाणाऱ्या तारेच्या वर चिकटपट्टीने बांधा. बॅटरी तीच, बल्ब तसाच पेटलेला, पण सुई 45 वरून पाच-सहा अंशांवर येते. दोन्ही तारांना पीळ घातला तर तेवढीही हलत नाही. मग तीच परतीची तार होकायंत्राखालून, तितक्याच अंतरावरून न्या: क्षेत्र दुप्पट होतं आणि सुई 63 अंशांवर जाते. कॉइलची, म्हणजे तारेच्या गुंडाळीची, सगळी करामत एवढ्यातच आहे.

या परतीच्या वाटेपायी मुंबईची एक वेधशाळा हलवावी लागली. ट्रामचा प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परततो, त्यातला काही जमिनीत पाझरतो. जाणं आणि येणं एकमेकांपासून इतकं लांब असलं की क्षेत्र कटत नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला नेली. नोंदी जुळाव्यात म्हणून 1906 पर्यंत दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवलं. ही दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते.

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांत विजेची पॅनेल बनवणाऱ्यांना हाच नियम दुसऱ्या रूपात भेटतो. तीन फेजच्या सुट्या केबली लोखंडी ग्लँड प्लेटच्या (केबली पॅनेलमध्ये शिरतात त्या पत्र्याच्या) तीन वेगळ्या भोकांतून नेल्या, तर प्रत्येक भोकाभोवतीच्या लोखंडात बदलतं क्षेत्र शिरतं आणि प्लेट तापते. केबलीचं आवरण करपायला लागतं. तिन्ही एका भोकातून न्या, नाहीतर प्लेट अ‍ॅल्युमिनियमची घ्या.

घरातली तक्रार याहून ओळखीची. जुन्या वायरिंगला नवा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला की एखाद्या खोलीतला गिझर लावताच आरसीसीबी पडतो. लोक गिझर बदलतात. खरं तर आरसीसीबीच्या आतल्या कड्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. जाणारा-येणारा प्रवाह सारखा असेल तर कड्यातलं क्षेत्र शून्य राहतं, आणि 30 मिलिअँपिअरचा फरक पडला तर तो पडायलाच बनवला आहे. त्या खोलीचा न्यूट्रल कुणीतरी दुसऱ्याच न्यूट्रल पट्टीवर जोडलेला असतो, म्हणजे प्रवाह कड्यातून जातो आणि बाहेरून परततो. परवानाधारक वायरमनला गिझरच्या आधी ती पट्टी उघडायला सांगा.