तुम्ही विचारलंत म्हणून: पोंचोचा पॅटर्न

सासूबाईंच्या अंगावरचा विणलेला पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायची बिनबाह्यांची शाल, बघून दवाखान्याच्या बाकापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे एकच विचारणा होते: "पॅटर्न कुठला हो? पाठवाल का?" पॅटर्न, म्हणजे टाक्या-फेऱ्यांचा लिहून ठेवलेला हिशेब, नाही म्हटलं की समोरचीला वाटतं, हिला सांगायचंच नाहीये. म्हणून एकदाच सगळं.

सासूबाईंचा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना, स्वेटरच्या बाहीशी रोजची झटापट. शाल ओट्याशी उभं राहिलं की घसरते, आणि समोर गॅस. त्यात नाशिकची डिसेंबरातली थंडी. डोक्यातून घातलं की झालं, असं काहीतरी हवं होतं. गोलात विणायचं ठरवलं ते निम्मं आळसापोटी: सगळे फेरे सुलटच, उलट ओळ नाही, शेवटी शिवण नाही.

लोकर घरातलीच. यांच्यासाठी मी वीस वर्षांपूर्वी विणलेला राखाडी स्वेटर आता पोटावर बसत नाही, तो उसवला. उसवलेली लोकर शेवयांसारखी नागमोडी निघते. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड्या केल्या, दोन-तीन ठिकाणी सैल बांधल्या, कोमट पाण्यात बुडवून सावलीत टांगल्या, तेव्हा कुठे सरळ झाली.

हिशेब काय तो गळ्याचा. मधे वायर असलेल्या ५.५ मिलिमीटरच्या गोल सुईवर छोटा तुकडा विणून पाहिला. १० सेंटिमीटरला १६ टाके आले. सासूबाईंचं डोकं ५५ सेंटिमीटर. म्हणजे ८८ टाके. पहिल्या वेळी ते इतके घट्ट घातले की गळा कानांवरच अडकला आणि आतून आवाज आला, "अगं, चष्मा तरी काढू द्यायचास!"

दुसऱ्या वेळी सैल घातले, पण गोल जोडताना टाक्यांची ओळ वायरीभोवती पिळली गेली. हे पहिल्या फेऱ्यात कळतच नाही. सहाव्याला कळलं, आणि त्यावर उसवण्याखेरीज इलाज नसतो. आता जोडण्याआधी सुई टेबलावर ठेवते आणि टाक्यांची खालची कड सगळीकडे आतल्याच बाजूला आहे ना, हे बोट फिरवून बघते.

पुढे ८८ चे चार भाग करून चार ठिकाणी खुणेचा लाल दोरा अडकवला. एक फेरा साधा. पुढच्या फेऱ्यात प्रत्येक खुणेच्या टाक्याच्या अलीकडे-पलीकडे सुईवर लोकर घेऊन एकेक टाका वाढवायचा. म्हणजे दर दोन फेऱ्यांना आठ टाके. वाढवलेल्या जागी भोकं पडतात, त्यांच्याच चार जाळीच्या रेघा खाली उतरतात. ती नक्षी मी काढलेली नाही, आपोआप आली.

कुठे थांबायचं ते कागदावर नव्हतं. चार बोटं विणून झालं की दाभणात सुती दोरा ओवून सगळे टाके त्यावर उतरवायचे, पोंचो सासूबाईंच्या डोक्यातून घालायचा आणि त्यांना कणीक मळायचा अभिनय करायला लावायचा. खांदे झाकले गेले तरी मी त्याच वेगाने टाके वाढवत राहिले होते. खालचा घेर परकरासारखा फुलला. तेवढं उसवून मग दर चौथ्या फेऱ्यालाच वाढवलं. पॅटर्न देता येत नाही तो इथे. तुमच्याकडचे खांदे उतरते असतील, नाहीतर उभट.

नुसतं सुलट विणलं की खालची कड अळूवडीसारखी वर गुंडाळते. म्हणून शेवटी आठ फेरे, एक फेरा सुलट, एक फेरा उलट, आणि टाके बंद करताना एक नंबर जाड सुई, नाहीतर कड आवळते.

त्या कडेला मरून पट्टा आहे ना, "ते कॉम्बिनेशन कसं सुचलं?" असंही विचारतात. राखाडी लोकर संपली होती.