काकूंचा ळ

इंदुरात रामबागेच्या अंगाला एका गल्लीत काकूंचं दुकान आहे. दहा फुटी शटर, आत काकू आणि आणखी दोघी पुरणपोळ्या लाटतात, काउंटरवर त्यांचा मुलगा बसतो. काही वर्षं घरूनच ऑर्डरी घेतल्यावर त्यांनी ही जागा घेतली आणि मुलाने मला फोन केला, "ताई, फ्लेक्स नको. हातानं काढलेली अक्षरं पाहिजेत." मला बरं वाटलं. एरवी फॉन्ट निवडून देणं म्हणजेच लेटरिंग, अशी लोकांची समजूत असते आणि मग "दहा मिनिटांचं तर काम आहे" हे ऐकून घ्यावं लागतं. या पाटीला १९ दिवस लागले.

पाटीवर मोठा शब्द एकच: पुरणपोळी. त्याखाली काकूंनी स्वतः सुचवलेली ओळ: शिळी मिळणार नाही. मी हसले, तर म्हणाल्या, "हसतेस काय, खरंच मिळणार नाही. उरली तर आम्हीच खातो."

पहिल्या भेटीत मी पेन्सिल बाहेर काढत नाही. कोण वाचणार, कुठून वाचणार, चालत की गाडीवरून, एवढंच विचारते आणि मग रस्त्यावर जाऊन उभी राहते. पाटीवाल्यांचा जुना ठोकताळा आहे, दर १० फुटांना १ इंच उंचीचं अक्षर. गल्लीच्या तोंडापासून दुकान साधारण ८० फूट, म्हणजे अक्षर निदान ८ इंची हवं. पाटी अडीच फूट उंच. ऐकायला भरपूर वाटते, पण देवनागरीत डोक्यावर वेलांटी बसते आणि पायाशी उकार लोंबतो, दोघांनाही आपापली जागा लागते. कडा सोडल्या, खालची ओळ वजा केली, तर मूळ अक्षराच्या अंगाला १० इंच उरले. इंग्रजी कॅपिटलमधली पाटी असती तर १५ सहज मिळाले असते.

तिथेच मुलाने विषय काढला. "ताई, एक गोष्ट आहे. इथले लोक ळ पढतच नाहीत. 'पूरन पोली' लिहून टाका ना सरळ."

"पोली?" काकू आतून म्हणाल्या. "पोली काय असते?"

दोघांचंही खरं होतं. इंदूरच्या रोजच्या हिंदीत ळ नाही. पुष्कळ जण त्याला एखादं विचित्र चिन्ह समजून पुढे जातात. गिऱ्हाईक अर्धंअधिक हिंदीभाषक, त्याला दुकान कळलंच पाहिजे. अशा वेळी क्लायंट कोण हे आधी ठरवावं लागतं, पैसे देणारा की जिचा पदार्थ आहे ती. मी दोन्ही शब्द काढून दाखवते म्हटलं आणि वेळ मारून नेली.

घरी येऊन आधी बोरू घेतला. देवनागरीसाठी बोरूचा काप इंग्रजी निबच्या उलट तिरपा लागतो, नाहीतर जाड-बारीक नेमकं भलत्या ठिकाणी पडतं. पाच-सहा पानं भरली. दिसायला छान, पण लग्नपत्रिका वाटत होती. सुलेखन आणि लेटरिंग यांत माझ्या मते हाच फरक आहे: सुलेखनात अक्षर एका दमात लिहिलं जातं, लेटरिंगमध्ये ते रेखाटून, खोडून, पुन्हा रेखाटून जागेवर बसवलं जातं. मग २बी पेन्सिल आणि बटर पेपर. खजुरी बाजारातून मी तो तावांनी आणते. एका कागदावर दुसरा ठेवायचा, जे बरं आहे तेवढंच वर गिरवायचं, खालचा काढून टाकायचा. हे दिवसभर.

शब्दाचा त्रास दुसऱ्याच दिवशी दिसला. पहिल्या पु चा उकार खाली डावीकडे आणि पो ची मात्रा, ळी ची वेलांटी दोन्ही वर उजवीकडे. शब्द तिरका झाल्यासारखा दिसतो, जणू उजवीकडून कुणी उचललाय. त्यात र. र च्या पायाखाली मोठी पोकळी पडते, आणि लगेच शेजारी ण, त्याच्या उभ्या रेघांनी काळाकुट्ट. दात पडलेल्या जागेशेजारी दोन दात एकावर एक आलेले, तसं. अशा वेळी मी कागद उलटा करून भिंतीला लावते. उलटा शब्द वाचता येत नाही, मग डोळ्यांना फक्त काळं आणि पांढरं दिसतं. पांढरं सगळीकडे सारखं वाहतंय का, एवढंच बघायचं.

उपाय सुचला तो असा की पु चा उकार आखूड न ठेवता उजवीकडे लांबवायचा आणि र च्या पायाखालच्या पोकळीत नेऊन सोडायचा. भोक भरलं, शिवाय खालच्या बाजूला वजन आलं. ण च्या दोन रेघा किंचित बारीक केल्या. मोजलं तर फरक मिलिमीटरचा, पण काळा डाग गेला.

ळ मात्र बसेना. फॉन्टमधल्यासारखी दोन सारखी वाटोळी काढली की तो एकटाच गोल गोल, बाकी सगळे उभे. चपटा केला तर सांडल्यासारखा, उंच केला तर चष्म्यासारखा. आठव्या-नवव्या कागदानंतर मलाही वाटायला लागलं की पोरगं बरोबर सांगतंय, पोली करून मोकळं व्हावं.

त्या मनःस्थितीत दुसऱ्यांदा दुकानात गेले. काकू पुरण वाटत होत्या. त्यांच्या डोक्यावर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर किराण्याची यादी टांगलेली, त्यांच्याच हातची: डाळ २० किलो, गूळ २० किलो, वेलची, जायफळ, तूप. तेवढ्यात मुलगा व्यापाऱ्याला तीच यादी फोनवर सांगत होता, "चना दाल बीस किलो, गुड़ बीस किलो." मी दोन्हीकडे बघत राहिले. डाळ, गूळ, पोळी. तिन्ही शब्दांत ळ, आणि मुलाच्या यादीत एकही नाही.

काकूंचा ळ बघितला. हात न उचलता काढलेला. डावं वाटोळं लहान, उजवं चांगलं मोठं आणि पुढे झुकलेलं, मधली गाठ सैल. मी विचारलं, "असा का काढता?" म्हणाल्या, "असा म्हणजे? ळ असाच असतो." त्यांनी मागचं पान फाडून दिलं, त्यावर ओळीने वीस-पंचवीस ळ लिहून घेतले मी. पुरणाच्या हाताने. कागद चिकट झाला, मुंग्या लागू नयेत म्हणून तो प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावा लागला.

घरी तो ळ मोठा करून शब्दात ठेवला आणि सुटलं. मोठं उजवं वाटोळं वेलांटीच्या काठीकडे झुकत असल्यामुळे मधली फट मिटली, लहान डावं पो च्या कान्याजवळ दाटी करेना. वेलांटी त्या झुकावाच्या दिशेने थोडी कललेली ठेवली. हे मी योजलेलं नव्हतं, त्यांचा हात गेली कित्येक वर्षं तसाच वळतोय.

खालच्या ओळीत श होता आणि त्यावर वेगळाच वाद. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी शेंडीफोड्या श आणि पाकळीयुक्त ल ही रूपं ठरवून दिलीत. हिंदीचे श-ल वेगळे, आणि इंदुरात शाळेपासून डोळ्यांना तेच. फॉन्टमध्ये मराठी रूपं असली तरी भाषा मराठी निवडल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत, आणि कित्येक सॉफ्टवेअरांत निवडूनही येत नाहीत. काकूंना दोन्ही श काढून दाखवले. त्यांनी क्षणही न घालवता शेंडीफोड्यावर बोट ठेवलं. मुलगा म्हणाला, "दोन्ही सारखेच तर आहेत."

दाखवताना मी दोनच पर्याय ठेवते, दहा नाहीत, आणि तेही काळ्या-पांढऱ्यात. रंग आधी दाखवला की माणूस अक्षराबद्दल बोलतच नाही, लाल की मरून यातच तासभर जातो. एक कागद 'पूरन पोली', एक 'पुरणपोळी', दोन्ही सारख्याच मेहनतीने काढलेले. मुद्दाम एकाला कच्चं ठेवणं मला जमत नाही, आणि तसं करणाऱ्यांची चलाखी क्लायंटला कळते. मुलगा बराच वेळ बघत होता. काकू म्हणाल्या, "ज्याला ळ येत नाही तो पोली म्हणेल. पैसे तेवढेच देईल ना?" तो हसला. मोबाइलच्या नकाशावर मात्र नाव हिंदीत घालायचं, असं ठरलं, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. हे आधीच सुचायला हवं होतं, मला किंवा त्याला.

पुढचं काम कंटाळवाणं, म्हणून थोडक्यात. स्कॅन केलं, संगणकावर कडा आखल्या. वळणावर जितके कमी बिंदू तितकी रेघ गुळगुळीत. डब्याच्या स्टिकरवर शब्द दोन-अडीच सेंटिमीटरचा होतो तेव्हा ळ ची गाठ शाईने भरून गेली. स्टिकरसाठी गाठ मोकळी केलेला वेगळा ळ काढला. निम्मे पैसे आधी घेतलेले होते, दोनदा बदल मोफत असं कागदावर लिहिलेलं होतं. तिसरा बदल मुलाने मागितला, वेलांटीवर वाफ काढायची. मी पैसे सांगितले. वाफ राहिली.

खरी धास्ती पाटी लिहिणाऱ्याची. इंदूर तसं चित्रकारांचं गाव. देवळालीकरांनी १९२७ मध्ये इथे चित्रकलेची शाळा काढली, बेंद्रे आणि हुसेन तिथेच शिकले, आणि हुसेन तर पुढे मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून दिवस काढत होते. त्या गावात ब्रशने पाटी लिहिणारा माणूस शोधायला मला ४ दिवस लागले. साठी उलटलेले पेंटरबाबा भेटले. मी पूर्ण मापाचा नमुना कागदावर काढून रेघांवर सुईने भोकं पाडून दिली. हा कागद पाटीवर चिकटवून वरून खडूच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, ठिपके उमटतात, मग त्यांवरून ब्रश.

सकाळी ठिपके नीट उमटले म्हणून मी दुसऱ्या कामाला गेले. चूक माझी. ळ च्या गाठीजवळ मी भोकं विरळ ठेवली होती, हाताला कळेल असं गृहीत धरून. बाबांचा हात ळ ला कधी लागलेलाच नव्हता. संध्याकाळी आले तर दोन वाटोळी वेगवेगळी, शेजारी शेजारी.

"बेटा, ये अक्षर है क्या?" ते म्हणाले. "मुझे लगा अंग्रेज़ी का आठ लेट गया."

इनॅमल रंग ओला असतानाच रॉकेलच्या फडक्याने तेवढा भाग पुसला. मी चिकट कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि शटरशेजारच्या खांबावर ब्रशने सराव सुरू केला. पहिले दोन बिघडले. तिसऱ्याला डावं वाटोळं मोठं झालं. काकू बाहेर आल्या, कोपरापर्यंत पीठ, आणि हवेत बोटाने दाखवू लागल्या, आधी इकडे, मग असं, उचलायचं नाही. सहाव्याला बाबा "हाँ" म्हणाले आणि शिडीवर चढले.

पाटी दुसऱ्या दिवशी वाळली. खांबावरचे सहा ळ मुलाने टर्पेंटाइनने घासले, पण लाल रंग प्लॅस्टरमध्ये मुरलेला, गुलाबी खुणा राहिल्यात. परवा पोळ्या घ्यायला गेले तेव्हा त्यांच्यावर त्याने पैसे घ्यायचा क्यूआर कोड चिकटवला होता. तीन झाकले गेलेत, तीन दिसतात.