होडी वर काढली, आणि गिअर ऑइल दुधाळ निघालं

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या मेंडोटा तळ्यातून आमची १४ फुटी ॲल्युमिनियमची होडी या मोसमापुरती बाहेर आली. तळं पूर्ण गोठायला बहुतेकदा डिसेंबरची अखेर किंवा जानेवारी उजाडतो, तेव्हा तशी घाई नव्हती. पण गेल्या वर्षी नोव्हेंबरात हातात पाना धरवत नव्हता, म्हणून यंदा लवकर.

पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पडून राहिलेलं पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव्य) शेवटच्या फेरीला निघतानाच टाकलं. रॅम्पपर्यंत, म्हणजे होडी पाण्यात उतरवायच्या-काढायच्या उतारापर्यंत, दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालतं, तेवढ्यात ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे हे मी कधीच टाळत नाही. रॅम्पवर ट्रेलर लगेच पाण्यात घातला नाही. चाकांचं बेअरिंग तापलेलं असताना गार पाण्यात गेलं की आत पाणी खेचून घेतं. वीस मिनिटं थांबलो.

होडी वर आल्यावर आधी आतलं पाणी सोडायचं बूच काढलं, शेवाळ आणि पाणवनस्पती ओरबाडल्या. विस्कॉन्सिनमध्ये रॅम्प सोडण्याआधी हे करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मेंडोटात २०१५ साली झेब्रा शिंपले (होड्यांना चिकटून एका तळ्यातून दुसऱ्यात पसरणारे उपद्रवी शिंपले) सापडले, तेव्हापासून तर मी होडीच्या बुडावरून हात फिरवल्याशिवाय निघत नाही. शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, पण हाताला पॉलिशपेपरसारखी खरखर लागते. मागच्या फळीजवळ तशी खरखर होती. प्लास्टिकच्या उलथन्याने खरवडून काढली.

आता मुख्य गोष्ट. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, ९.९ अश्वशक्तीचा, फोर-स्ट्रोक. घरी आणून उभाच ठेवला आणि गिअरकेसचा (खालच्या टोकाची, गिअर आणि तेल असलेली पेटी) खालचा स्क्रू काढला. वरचा सैल केल्याशिवाय तेल नीट सुटत नाही, म्हणून मग तोही काढला. खालच्या स्क्रूच्या चुंबकी टोकावर पिठासारखी बारीक पूड होती, तेवढी चालते. पण तेल आलं ते दुधाळ. शेजारी उभी असलेली लेक म्हणाली, "बाबा, हा तर चहा आहे!" रंग अगदी तसाच.

म्हणजे आत पाणी शिरलंय. पाणी गोठताना जवळजवळ ९ टक्के फुगतं. हे तेल तसंच राहिलं असतं तर इथल्या उणे वीसच्या थंडीत गिअरकेसला तडा जाणार होता.

होडी ढकलणारा पाण्यातला पंखा काढला. त्यामागे शाफ्टवर मासेमारीचा नायलॉन दोरा गच्च गुंडाळलेला. चार-पाच वेढे सुटले, पण शेवटचा सीलच्या, म्हणजे गिअरकेसमध्ये पाणी येऊ न देणाऱ्या रबरी कड्याच्या, ओठात रुतला होता. चिमट्याने हळूहळू ओढून काढला. सीलच्या रबरावर नखाला लागेल एवढी चीर आहे. मंडळी, मोसमात दोन-तीनदा तरी पंखा काढून बघा. बाहेरून काहीही दिसत नाही.

बॅटरी तळघरात नेऊन चार्जिंगला लावली आहे. आमच्या कोकणात पावसाळ्याआधी होड्या झापांनी शाकारतात, तशी ही ताडपत्रीने शाकारली; मध्ये उंच टेकू दिलाय, म्हणजे बर्फ साचणार नाही.

गिअरकेस सध्या रिकामी, खाली जुनं पातेलं ठेवलंय. आज सकाळी त्यात दोन चमचे पाणी होतं. शाफ्टची दोन्ही सील मागवली आहेत. ती बसली की नवं तेल खालच्या भोकातून, वरून बाहेर येईपर्यंत.