चौसष्टच्या नंतरची रायफल

आमच्या गोव्यात वाळपईकडे बंदूक म्हटली की शेत राखायची एकनळी नाहीतर दुनळी, काही घरांत अजून ठासणीचीसुद्धा आहे. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, रानडुकरं नि खेती (माकडं) शिरतात म्हणून लायसन, आणि इलेक्शन आलं की ती पोलीस स्टेशनात जमा. शिकार वन्यजीव कायद्यानं बंद आहे आणि ते बरंच आहे. त्यामुळे बोल्ट-ॲक्शन रायफल, म्हणजे दर गोळीला हातानं बोल्ट (मागचा दांडा) मागेपुढे ओढायची ती, मी पहिल्यांदा हातात घेतली ती कॅनडात, आल्बर्टात नोकरीला होतो तेव्हा. तिथं लायसन घेऊन, टॅग (एका जनावरापुरता परवाना) काढून हरणाची शिकार कायदेशीर करता येते.

मी घेतली ती जुनी विंचेस्टर मॉडेल ७०, पुश-फीडवाली (म्हणजे काय ते पुढे सांगतो), .३०-०६ कॅलिबरची. मावसभाऊ माझ्या आधीपासून तिथं, तो म्हणाला, "अरे ती चौसष्टच्या नंतरची, सोड." १९६४ साली विंचेस्टरनं खर्च कमी करायला मॉडेल ७० बदललं, मॉझर ९८ या जुन्या जर्मन रायफलीसारखा लांब पंजाचा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस पकडून बाहेर ओढणारा भाग) काढून बोल्टच्या तोंडातच छोटा हुक बसवला, लाकडावरची नक्षी हातानं कोरायच्या ऐवजी दाबून उठवली, आणि लोक जे चिडले ते आजतागायत. पण नक्षी वाईट दिसते म्हणून रायफल वाईट कशी? १९६८ मध्ये त्यांनी बोल्ट अडकू नये म्हणून सुधारणासुद्धा केली, ते कोणी बोलत नाही.

फरक साधा आहे. मॉझरमध्ये काडतूस मॅगझिनमधून वर आलं की पंजा लगेच त्याची कड पकडतो आणि धरूनच चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, नेतो. पुश-फीडमध्ये बोल्ट काडतुसाला मागून नुसतं ढकलत नेतो, पकड शेवटी, बोल्ट बंद होताना. म्हणजे अर्धं ढकलून परत मागे ओढलंत तर ते काडतूस तिथंच राहतं आणि पुढच्या खेपेला दुसरं त्याच्या मागे येऊन अडकतं. हे माझं एकदा झालंय, रेंजवर, घाईत. त्यानंतर मी घरी डमी काडतुसं घेऊन रोज संध्याकाळी बोल्ट शेवटपर्यंत मागे, शेवटपर्यंत पुढे, असं करत बसायचो, महिनाभरात हाताला सवय लागली आणि परत कधी अडकलं नाही. अंगावर येणाऱ्या जनावरासाठी आफ्रिकेत मॉझरचा पंजा हवा म्हणतात ते मला पटतं, पण हरणासाठी?

आणि ज्याचं मला खरंच अप्रूप आहे ते सांगतो. नोव्हेंबर, उणे वीस, बोटं बधिर, मॅगझिन रिकामं. जाड ग्लोव्ह घातलेल्या हातानं मॅगझिन भरणं शक्यच नव्हतं, मी एक काडतूस वरून सरळ आत टाकलं, बोल्ट ढकलला, झालं, तो छोटा हुक स्वतःच कडेवर चढून बसतो. बऱ्याच मॉझर पद्धतीच्या रायफलींना हे मानवत नाही, त्यांना काडतूस मॅगझिनमधून खालूनच यावं लागतं, जबरदस्ती केली तर एक्स्ट्रॅक्टरवर ताण येतो.

दुसरं म्हणजे पुश-फीड बनवायला सोपं. रेमिंग्टन ७०० आली १९६२ मध्ये, तीही पुश-फीडच, तिच्या बोल्टच्या तोंडाला सगळीकडून कड असते आणि काडतुसाचं बूड त्यात पूर्ण बसतं. काडतुसाचं बूड फाटलं तर गॅस कोंडून धरायला ही कड कामाला येते. तीच रायफल अमेरिकन मरीन्सनी १९६६ मध्ये स्नायपरसाठी एम४० म्हणून घेतली, आता त्यांना काय भरवसा नसलेली वस्तू चालली असती का? सॅव्हेज ११० पण त्याच जातीची, १९५८ पासूनची. कॅनडात जुनी पुश-फीड विंचेस्टर चौसष्टच्या आधीच्यापेक्षा बऱ्याच कमी पैशात मिळते, आणि उरलेल्या पैशांची काडतुसं घेऊन सराव करावा असं मी नव्या माणसाला नेहमी सांगायचो.

घेताना मात्र त्या छोट्या हुकाकडे बघा, काडतूस घालून बाहेर काढून बघा, त्याची पकड ढिली असेल तर आधी तो बदला. बोल्टच्या तोंडातला स्प्रिंगवाला इजेक्टर (काडतूस बाहेर उडवणारी खुंटी) पण दाबून बघायचा, घाण जमून जाम होतो. आणि थंडीत बोल्टला तेल जास्त नको, गोठलं की फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) सुस्त होते, मी तर पुसून कोरडाच ठेवायचो.

गोव्यात परत येताना रायफल मी मावसभावालाच देऊन आलो, दुर्बिणीचा झिरो, म्हणजे नेम नि गोळीचा मेळ, लावून. गेल्या चवथीला त्याचा फोन आला, घरच्यांशी बोलून झाल्यावर म्हणाला, "तुझ्या विंचेस्टरचा झिरो अजून हलला नाही रे, तीन इंच वर, शंभर यार्डाला, तू लावून गेलास तसाच."